पहिल्या ओढीचे हात

सातव्या फाईलमध्ये एक छायाचित्र होते: राखाडी कापडावर उताणे ठेवलेले दोन तळहात. चेहरा नव्हता, मनगटांपाशीच चौकट संपत होती. बोटांच्या मुळाशी, कष्टकऱ्याच्या हाताला जिथे घट्टे पडतात तिथली कातडी सोलून निघाली होती आणि खालचे मांस ओल्या विटेसारखे दिसत होते. मागे शिक्का, एकोणीस जुलै ही तारीख, आणि चौदा वर्षांत फिकट झालेल्या शाईतली एक ओळ: ‘आरोपी महादू आरेकर. दोन्ही तळव्यांवर दोराच्या घर्षणाच्या जखमा.’

जून संपेपर्यंत मी त्या हातांकडे इतक्या वेळा पाहिले, की जेवताना माझेच हात मला परके वाटू लागले.

राज्य शासनाने त्या वर्षी पुनर्विलोकन कक्ष नेमला होता. खुनाच्या ज्या शिक्षा चुकीच्या असू शकतील त्यांची कागदपत्रे पुन्हा वाचायची, माणसांना पुन्हा भेटायचे आणि काही हाती लागले तर उच्च न्यायालयाकडे शिफारस करायची, एवढेच त्याचे काम. पालघर जिल्ह्याच्या अकरा फाईली होत्या. मुख्यालयातल्या एका खोलीत एक निवृत्त न्यायाधीश आठवड्यातून दोनदा येत. उरलेले दिवस तिथे मी, कंत्राटी संशोधन सहायक, आणि नीलेश नावाचा बोईसरचा टंकलेखक. कोणालाही सोडण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. शिफारशीसाठीही अट होती: कोणत्याही न्यायालयासमोर न आलेला पुरावा हवा. अठ्ठावीस ऑगस्टच्या बैठकीपर्यंत तो मिळाला नाही तर फाईल बंद, आणि एकदा बंद झालेली फाईल पुन्हा उघडण्याची तरतूद नव्हती.

खटला साधा होता आणि त्याच्या साधेपणाचाच मला त्रास होई. तारापूरजवळच्या एका बर्फाच्या कारखान्याचा मुकादम अठरा जुलैच्या सकाळी मागच्या पडवीत मरून पडलेला सापडला. गळ्याभोवती नायलॉनचा दोर होता. आठवड्यापूर्वी त्याने बाजारात गोदूबाईची मासळीची पाटी लाथेने उडवली होती, आणि तिचा नवरा महादू चाळीस माणसांदेखत ओरडला होता, ‘तुजा गळा आवळीन एक दिवस!’ दुसऱ्या दिवशी पोलिसांना महादूचे सोललेले तळहात दिसले. रात्री कुठे होतास, या प्रश्नाला त्याने ‘घरी नव्हतो’ एवढेच उत्तर दिले. आणि सहावा साक्षीदार होता त्याच्याच बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, जगू. त्याने शपथेवर सांगितले, ‘पावसाळी बंदीचे दिवस होते. बोट ताडपत्रीखाली होती. त्या रात्री कोणी दर्यावर गेलं नाही.’

त्यावर न्यायाधीशांनी आरोपीला विचारले होते, ‘याबद्दल तुम्हांला काय म्हणायचे आहे?’

महादूचे उत्तर एका ओळीचे होते: ‘तांडेल बोलतो ते खरं.’

निकालपत्रात हे वाक्य दोनदा उद्धृत केले होते. आपण कुठे होतो हे सांगण्याची संधी आरोपीने स्वतःच सोडली, असे तिथे लिहिले होते, आणि वर अपिलातही तेच उचलून धरले गेले. बंदी या शब्दाशी येऊन सगळे थांबले होते. मीही तिथेच थांबले.

फक्त हात स्वस्थ बसू देत नव्हते. एका दुपारी मी फाईलची नाडी सोडली, दोन्ही मुठींभोवती गुंडाळली आणि खुर्चीच्या पाठीला वेढा देऊन जोराने ओढली.

नीलेशने टंकन थांबवले. ‘मॅडम, खुर्ची सरकारी आहे. जीव गेला तर पंचनामा मलाच टाइप करायला लागेल.’

‘इकडे ये आणि माझे हात बघ.’

नाडीचे वळ माझ्या हातांच्या पाठीवर उठले होते, करंगळीच्या कडेवर आणि अंगठ्याच्या मागे. तळवा जवळजवळ कोरा होता. फाईलमध्ये दुसरेही छायाचित्र होते, महादूच्या हातांच्या पाठीचे. तिथे एक ओरखडासुद्धा नव्हता.

नीलेशने दोन्ही छायाचित्रे माझ्या हातांशेजारी धरली. ‘म्हणजे यानं दोर आवळला नाही,’ तो म्हणाला. ‘दोर याच्या हातातून सरकला.’

आमच्या कक्षाच्या न्यायाधीशांनी दुसऱ्या दिवशी सगळे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘उन्नती, ही शंका झाली. हे प्रश्न त्या वेळच्या वकिलालाही विचारता आले असते. मला न्यायालयाने न पाहिलेले काहीतरी आणून दे.’

महादूशी बोलणे तुरुंगातून पडद्यावर झाले. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर पांढरे खुंट, आणि मांडीवर दोन बंद मुठी. नमस्कार करतानाही त्याने त्या पुरत्या उघडल्या नाहीत.

‘हात कशाने सोलले होते?’ मी विचारले.

‘कोर्टात झालं ना बोलून.’

‘कोर्टात तुम्ही काहीच बोलला नाहीत.’

तो किंचित हसला. ‘तांडेल बोलला त्याच्यावर मी काय बोलणार, बाय?’

‘तो खोटे बोलला असेल तरी?’

पडद्यावरचे चित्र क्षणभर गोठले आणि पुन्हा हलले तेव्हा तो खाली पाहत होता. ‘तुमी कुठल्या?’

‘पालघरजवळच्या माहीमची. आमची पानवेलीची वाडी आहे.’

‘मग तुमाला नाय कळायचं,’ तो म्हणाला. त्यात रुष्टपणा नव्हता. खोल पाण्याकडे जाणाऱ्याला बाजूला करावे तसे त्याने मला बाजूला केले. वेळ संपली.

त्यानंतरचे दिवस अंगात काटा रुतून राहावा तसे गेले. घरी वडील पानांच्या कवळ्या बांधत बसत. त्यांच्या अंगठ्याच्या नखात हिरवा डाग कायमचा बसलेला. हा डाग पाहून कोणी त्यांच्यावर कसला आरोप ठेवू शकेल, असा विचित्र विचार मनात येई. वाडीत वाढलेल्या मला तो डाग वाचता येतो. पण ज्याला येत नाही त्याने त्यातून काहीही वाचावे, आणि वाचलेले शिक्का मारून फाईलला लावावे.

जुलैच्या शेवटी मी महादूच्या गावी, चिंचणीला गेले. बोईसर ओलांडेपर्यंत कंपन्यांच्या बसगाड्या आणि घशात बसणारा तो आंबूस वास, मग तारापूर, मग सुरूची झाडे आणि त्यांच्यापलीकडे मातकट, खवळलेला दर्या. बोटी वाळूवर ओढून झापांनी आणि ताडपत्र्यांनी झाकल्या होत्या. बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडी रिकाम्या उभ्या होत्या.

गोदूबाई पडवीत सुका जवळा पाखडत बसली होती. तिने मला पाट दिला, पाणी दिले, नवऱ्याची तब्येत विचारली आणि हातांचा प्रश्न आल्याबरोबर सूप जोराने हलवायला लागली.

‘कामानं सोलले.’

‘कसल्या कामाने?’

‘कामाला नाव असतंय काय? हळद-खोबरेल लावलेलं मी. तेवढंच ठावं.’

‘गोदूबाई, अठ्ठावीस तारखेनंतर मला काही करता येणार नाही.’

सूप थांबले. ‘त्यांनी जाताना सांगितलेलं, गप ऱ्हा, तांडेल बगून घेईल. ज्यानं केलं नाय त्याला काय व्हतंय, असं बोललेले.’ ती उठली. ‘आन तांडेलानं बगितलं की. हंगामाची पयली पाटी चौदा वर्सं माझ्या दारात येते. लोकांची सख्खी भावंडंपण इतकं करत नाय.’

‘पहिली पाटी? सगळ्यांना देतात?’

‘सगळ्यांना कशाला? ज्यानं जाळं ओढलं त्यालाच वाटा,’ ती सहज बोलून गेली, आणि मग माझ्याकडे न पाहता आत गेली.

परतताना ते वाक्य मी वहीत लिहून घेतले. पण त्याचे काय करावे ते मला उमगले नाही. चौदा वर्षे तुरुंगात असलेल्या माणसाला ओढीचा वाटा कोण देतो, आणि कोणत्या ओढीचा?

नारळी पौर्णिमेला गावाने दर्याला नारळ वाहिला आणि बोटी पाण्यात गेल्या. तांडेलाच्या नावाची नोटीस घेऊन मी किनाऱ्यावर पोचले तेव्हा पहिली फेरी नुकतीच परतली होती. पाट्या उतरत होत्या, बायका भावासाठी भांडत होत्या, बर्फ फोडण्याचा आवाज येत होता. एका बोटीच्या सावलीत सात-आठ खलाशी चहा पीत होते आणि त्यांच्या चहा पिण्यात काहीतरी चमत्कारिक होते. प्रत्येकाने काचेचा पेला फक्त बोटांच्या टोकांनी धरला होता. तळवा कोणी लावत नव्हते.

‘जगू तांडेल इथेच भेटतील?’ मी विचारले.

तिशीतला एक गडी उठला. ‘मी मेहुल, त्यांचा पोरगा. बोट आता माझ्या नावावर हाय. द्या काय ते.’

त्याने नोटिशीसाठी हात पुढे केला. तळवा वर होता. बोटांच्या मुळाशी चार ठिकाणी कातडी सोललेली होती आणि खाली ओल्या विटेचा रंग होता.

मी कागद द्यायचा विसरले.

‘हे काय झालं?’

‘हे?’ तो हसला. मागचे सगळेच हसले. ‘पयली ओढ, मॅडम! दोन म्हयने घरी बसून हात बाळंतिणीचे व्हतात. पयल्या जाळ्याला घट्टे सोलून निघतात. ह्याला इचारा, काल बायकोनं भरवला याला.’

‘तुला कोण भरवतो ते सांगू काय?’ मागून आवाज आला. ‘आठ दिवस जाऊ द्या मॅडम, मग तुमच्या नोटिशीनंपण चिरणार नाय.’

त्यांनी एकेकाने हात दाखवले, जखमा दाखवाव्यात तसे नव्हे, रंगलेली मेंदी दाखवावी तसे. आठ माणसे, सोळा तळवे. महिनोन्महिने मी ज्या छायाचित्रासमोर बसले होते ते त्या बोटीच्या सावलीत सोळा वेळा पसरलेले होते.

मी पिशवीतून छायाचित्र काढले आणि मेहुलसमोर धरले. ‘हे हात कोणाचे असतील?’

‘आमच्यातल्याच कोणाचे तरी. पयल्या ओढीचे.’ तो निःशंक बोलला. ‘कोण हाय? आपला दर्पण काय रे?’

मी छायाचित्र उलटे केले. त्याने तारीख वाचली. जुलै, ऐन बंदीतला. मग नाव वाचले. हसू त्याच्या चेहऱ्यावरून लगेच गेले नाही. विझायला थोडा वेळ लागला.

बोटीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक म्हातारा जाळे सांधत बसला होता. त्याने सुई खाली ठेवली नाही. ‘बाय,’ तो म्हणाला, ‘नोटीस पोराकडं दे. मग जा आता. ऊन चढतंय.’

‘तांडेलकाका, त्या रात्री बोट ताडपत्रीखाली होती?’

‘कोर्टात सांगितलंय.’

‘बाबा, गप ऱ्हावा,’ मेहुल पुटपुटला. ‘तुमी काय बोलू नका. मॅडम, चौदा वर्सांचं उकरून काय मिळणार? बोटीचा परवाना जाईल, बाबांवर खोट्या साक्षीची केस व्हईल. आन मुकादम काय उठून बसणार हाय?’

‘महादू बसला आहे,’ मी म्हणाले. ‘अजून बसला आहे.’

तेव्हा मला दिसले की पाट्यांच्या रांगेच्या कडेला गोदूबाई उभी होती. पहिली पाटी तिच्या डोक्यावर होती; कोणीतरी नुकतीच चढवून दिली असावी, पाणी तिच्या कानामागून निथळत होते. ती पुढे आली, गुडघ्यात वाकली आणि पाटी तांडेलाच्या पायांशी उतरवून ठेवली. वरच्या पापलेटांचे डोळे अजून काचेसारखे स्वच्छ होते.

‘उचल ती, गोदू,’ तांडेल हळू म्हणाला. ‘लोकं बगतात.’

‘बगू दे की.’ ती घसा साफ करून मोठ्याने बोलली, बाजारात बोलते तशी. ‘ज्यानं ओढलं त्याचा वाटा ना हा? तर मग ज्यानं ओढलं तोच येऊन घेईल. चौदा वर्सं मी त्याच्या जिवाचं कालवण रांधून खाल्लं, तांडेल. आता गळ्याखाली उतरत नाय.’

‘गोदू...’

‘त्यानं तुमच्यावर शब्द काढला नाय. भर कोर्टात काढला नाय. का नाय काढला, ते ह्या बायला ठावं नाय. तुमाला हाय.’

ती गेली. पाटी तिथेच राहिली. खलाशांपैकी कोणी तिला हात लावला नाही. दुपार होईपर्यंत माश्या जमल्या असाव्यात, पण ते पाहायला मी थांबले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मला एकही गोष्ट पुरी करता आली नाही. मेहुलच्या हातांचे छायाचित्र मी मागितले नव्हते, म्हणून स्वतःला बोल लावत होते. दोनदा चिंचणीची बस पकडायला निघाले आणि दोनदा बोईसरहून परत फिरले. दबावाखाली घेतलेला जबाब कक्षाला चालत नाही, असे न्यायाधीशांनी बजावले होते. टिपणीचा पहिला परिच्छेद मी नऊ वेळा लिहिला. मुकादमाला कोणी मारले हाही प्रश्न मधेच वर येई, आणि त्याचे उत्तर आमच्या कामाच्या कक्षेत नाही, हे आठवून पुन्हा बुडे.

‘येईल तो,’ नीलेश म्हणे.

‘कशावरून?’

‘वासावरून. पापलेट सडलं की घरात कोण झोपेल?’

पंचवीस तारखेला सकाळी अकराच्या सुमारास जगू तांडेल आला. डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा, आणि दोन्ही हात जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेले. मेहुल सोबत होता, पण तो बाहेरच्या बाकावर बसला आणि त्याने दाराकडे पाठ केली.

तांडेल खुर्चीत बसला. दातांनी एका हाताची चिंधी सोडली, मग दुसऱ्याची, आणि माझ्या टेबलावर, काचेखाली असलेल्या छायाचित्राच्या शेजारी, दोन्ही तळवे उताणे ठेवले.

नीलेश उठून उभा राहिला.

‘दहा वर्सं दोराला हात लावला नव्हता,’ म्हातारा म्हणाला. ‘पोरगा ओढतो, मी काठावर जाळी सांधतो. परवा बोललो, आज मी ओढणार. पोरं हसली. काडा फोटू. मागून, फुडून, कसा पायजे तसा काडा. आन तो त्याचा ठेवा बाजूला.’

मी छायाचित्रे घेतली. बोटांच्या मुळाशी तीच चार सोलवटलेली ठिकाणे, हातांच्या पाठी कोऱ्या. म्हाताऱ्याची कातडी पातळ असल्यामुळे जखमा खोल होत्या.

न्यायाधीश त्या दिवशी आलेले होते. त्यांनी त्याला समजावून सांगितले की तो जे सांगेल त्यामुळे त्याच्यावरच खटला होऊ शकतो, त्याने वकील करावा, विचार करावा.

‘इचार करतच इतकी वर्सं गेली, साहेब. लिवा तुमी.’

त्याने सांगितले. आषाढात चार दिवस दर्या निवला होता आणि घोळ मासा किनाऱ्याजवळ आला होता. गावाची बंदी, सरकारची बंदी. हाव होती, ती कोणाची नव्हे, त्याची एकट्याची. स्वतःसकट सहा जणांना त्याने नाळेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की कोणाचे नाव कोणी काढायचे नाही. सतरा जुलैच्या संध्याकाळी निघाले ते अठराला उजाडताना परतले. महादू सगळा वेळ मधल्या दोरावर होता.

‘मला वाटलं, दोन दिसांनी सुटंल. मग वाटलं, निकालात सुटंल. मग साक्षीला उभा केला तवा बोट नेलेली बोललो तर गाव वाळीत टाकील, म्हणून बोललो, नाय नेली. एकदा बोललो त्याला मग रोजच धरून ऱ्हायला लागलं.’

‘पण तो का बोलला नाही?’ मी विचारले. ‘शपथेसाठी कोणी जन्मठेप भोगतो का?’

तांडेलाने माझ्याकडे पाहिले, महादूने पडद्यावरून पाहिले होते तसेच.

‘शपथ नाय, बाय. बोटीवर तांडेल बोलला की खलाशी त्याच्यावर बोलत नाय. तांडेल चुकला तरी नाय. वाऱ्यात दोन तोंडं झाली तर बोट जाते. जे भांडायचं ते किनाऱ्याला लागल्यावर.’ तो थांबला. ‘मी पिंजऱ्यात उभा, तो समोर. माझ्याकडं बगून मान खाली घातली आन बोलला, तांडेल बोलतो ते खरं. तो अजून बोटीवर हाय, साहेब. त्याला अजून कोणी किनाऱ्याला लावला नाय.’

सही करताना त्याला पेन धरता येईना, म्हणून अंगठा घेतला. अंगठ्याच्या शाईने जखम चरचरली तेव्हा त्याच्या तोंडून आवाज निघाला, आणि तो ऐकून मेहुल आत आला. टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून त्याने बापाच्या ओठांना लावला आणि म्हातारा प्यायला. मग मेहुलने माझ्याकडे न पाहता म्हटले, ‘सहातले दोघं गेले. दोघं हायत अजून, बंदरावरच. मी आणतो त्यांना.’

त्या दोघांचेही जबाब सत्तावीसला झाले. अठ्ठावीसच्या बैठकीपुढे तीन जबाब आणि दोन जोडी हात गेले, शिफारस झाली. उच्च न्यायालय काय करील, कधी करील, ते आम्हांला माहीत नव्हते. फाईल बंद झाली नाही, एवढेच खरे. नीलेशने पेढे आणले, आणि मला एकही खाववला नाही.

एक काम उरले होते: महादूचा स्वतःचा जबाब. पडद्यावर तो आला तसा मांडीवर मुठी ठेवून बसला.

‘महादूभाऊ,’ मी म्हणाले, ‘जगू तांडेल इथे आले होते. ते बोलले. बोट त्यांनी नेली होती, असे त्यांनी लिहून दिले आहे.’

मागे कुठेतरी लोखंडी दार वाजले.

‘तांडेल स्वता बोलला?’

‘स्वतः.’

‘पयल्यानं तोच बोलला?’

‘हो. सगळ्यांच्या आधी.’

तेव्हा त्याने मुठी उघडल्या. तळवे गुळगुळीत होते, पांढरे पडलेले, एखाद्या कारकुनाचे असावेत तसे. घट्ट्यांची खूणसुद्धा उरली नव्हती. त्याने ते एकमेकांवर घासले, पुढे सरकून बसला, आणि ज्या आवाजात बोलला तो मी आधी ऐकलेला नव्हता.

‘मग लिवा, बाय. आमी सहाजण व्हतो.’